भोंगारावांचा पाम

पाम आणा असं डॉक्टर काही म्हणाले नव्हते. "यांच्या हाताला काहीतरी काम द्या," एवढंच ते म्हणाले होते. घशाचं ऑपरेशन होऊन भोंगाराव घरी आले होते. गळ्याच्या खळगीत भोक, त्यावर जाळीचा पांढरा रुमाल. आवाज गेला होता, आणि तो परत यायचा नव्हता.

भोंगाराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची उभी हयात गेली, तिथल्या हमालांनी प्रेमाने ठेवलेलं ते नाव. गाडी उशिरा येणार हेसुद्धा ते अशा मऊ, भरदार आवाजात सांगत की चिडलेली माणसं मुकाट पुन्हा बाकावर टेकत. त्यांची बायको घराच्या मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवी, म्हणून ती कवळीबाई. एक तोंड वाजवतो आणि दुसरी तोंडं भरते, अशी त्या जोडप्याची गल्लीत चेष्टा चाले. ऑपरेशननंतर ती चेष्टा आपोआप बंद झाली.

रोपवाटिकेतून कवळीबाईंनीच ते रोप निवडलं. खोड बुटकं, पानं करड्या-हिरव्या पिसांसारखी, टोकाशी कमानीसारखी वाकलेली. ऊन मागणारा, थोडीफार थंडी सोसणारा पाम.

"याचे फाजील लाड करू नका," रोपवाटिकेची मालकीण म्हणाली. "तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात हे. मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. हिरवं पान कापायचं नाही, जुनी पानं नव्याला पोसतात. आणि हा मधला कोंब बघा, भाल्यासारखा. याचा सगळा जीव एवढ्यातच. बाकीच्या झाडांना फांद्या फुटतात. याला दुसरं तोंड नाही."

भोंगारावांनी मान डोलावली. तोंड हा शब्द ऐकून कवळीबाईंनी मात्र उगाच पिशवी चाचपली.

भोंगाराव पामात रमले. मागच्या अंगणात, कवळीबाईंच्या खिडकीसमोर त्यांनी खड्डा खणला. पाणी साचू नये म्हणून माती आणि जाड वाळू कालवली आणि मुळांचा गड्डा जराही न मोडता रोप आत उतरवलं. रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक पान खालून वरून पुसायचं, पाठीमागे बारीक कोळ्याची कीड लागलीय का ते बघायचं, कोंब किती उलगडला ते बघायचं. हे करताना त्यांचे ओठ हलत. सवयच होती ती, जुनी. कोंबाशी तोंड नेऊन ते बिनआवाजी काहीतरी सांगत राहत, आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फुसफुसत पानांवर जाई.

बाई गुलाबी मेणावर दात बसवत खिडकीतून ते बघत, आणि त्यांना बरं वाटे. नवरा कशात तरी गुंतला होता. यापरतं काय हवं?

काही वर्षांत पाम खोडाने भरला, खिडकीच्या वर गेला. पहिल्यांदा बाईंच्या लक्षात आला तो पावसाचा आवाज. टळटळीत दुपार, दोरीवरचा कपडा हलत नाही अशी, आणि बाहेर संथ सर लागल्यासारखं वाजत होतं. त्या कपडे काढायला धावल्या. ऊन तसंच होतं. पानांची टोकं एकमेकांवर घासत होती, बस. पामाची पानं अशी वाजतात हे त्यांना माहीत होतं. वारा अंगाला लागला नाही म्हणून वर नसेलच असं थोडंच आहे? त्या कामाला लागल्या. पण त्या दुपारनंतर झोप अंगावर दुलईसारखी येऊ लागली. कवळीचे दात घासता घासता डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांआड कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलत असल्यासारखं वाटे. शब्द कळत नसत. सूर ओळखीचा असे.

एकदा त्या टेबलावर चष्मा शोधत होत्या. पसारा उचलला, खुर्चीखाली वाकल्या.

"अगं, कपाळावर आहे."

"हो की!" बाई म्हणाल्या आणि चष्मा नाकावर ओढला.

आणि मग त्यांचा हात तिथेच थांबला.

भोंगाराव पुढच्या खोलीत आरामखुर्चीत झोपले होते. रुमाल श्वासाबरोबर वर-खाली होत होता. बाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. आपल्याला भास झाला, माणसाला होतात, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्या मोजूनमापून जगणाऱ्या होत्या. केसाएवढा फरक पडला तरी कवळी बोचते, आणि बोचणारी कवळी त्यांच्या हातून कधी गेली नव्हती.

पण चार-सहा दिवसांनी धाकट्या बहिणीचा फोन आला. बाई खिडकीत उभ्या राहून बोलत होत्या. बोलता बोलता बहीण थांबली.

"ताई! भाऊजींचा आवाज आला? मला सांगितलं नाहीस!"

"कुठे काय?"

"अगं, आत्ता मागून म्हणाले ना, तिला म्हणावं ये एकदा राहायला. तोच आवाज! मशीन बसवलं का काही?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात पामाखेरीज कुणी नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मशीन बसवलंय."

बहिणीशी त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट आत कुठेतरी ऊब पसरली. दुसऱ्या दिवशी कामाचं टेबल त्यांनी अंगणात, पामाच्या सावलीत ओढलं. उजेड चांगला असतो, असं कारण सांगितलं.

तो आवाज फार बोलत नसे. दुपारचं ऊन कलतं झालं, पानांच्या सावल्या टेबलावर सरकू लागल्या की हळूच येई. खोडातून नव्हे, पानांतूनही नव्हे. ऊबच बोलू लागावी तसा. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीच्या गोष्टी, तिथल्या गळक्या नळाच्या, बाईंच्या पहिल्या वाकड्या कवळीच्या. मग तो अशा गोष्टी बोलू लागला ज्या भोंगारावांनी कधीच बोलून दाखवल्या नव्हत्या.

"मूल झालं नाही म्हणून मी तुला कधी काही म्हणालो नाही," तो म्हणाला. "पण म्हणायला हवं होतं. मला वाईट वाटतं असं तरी. तू एकटीच रडलीस."

बाईंच्या हातातला दात मेणात तिरका रुतला. त्यांनी तो सरळ केला नाही. "एवढी वर्षं कुठे होतं हे सगळं?" त्यांनी विचारलं.

"घशात," आवाज म्हणाला, आणि दोघंही हसली.

त्यांनी मान वळवली तेव्हा खिडकीत भोंगाराव उभे होते.

ते बाहेर आले. बोलण्यासाठी जवळ ठेवत ती पांढरी पाटी त्यांनी पुढे केली. कुणाशी बोलतेस?

"तुमच्याशीच."

त्यांनी पाटी पुसली. पुन्हा लिहायला त्यांना वेळ लागला, आणि अक्षर नेहमीसारखं वळणदार नव्हतं.

तो मी नाही.

"तुम्हालाही ऐकू येतं?" बाईंनी विचारलं. भोंगारावांनी पाटी बगलेत मारली. पामाकडे पाठ करून ते आत गेले, आणि त्यानंतर त्यांनी फडक्याला हात लावला नाही. पानं बाई पुसू लागल्या.

घरात अबोला होता असं कसं म्हणणार? एक जण तर बोलूच शकत नव्हता. पण पूर्वी ते पाटीवर दिवसभर काहीबाही खरडून दाखवत, विनोदसुद्धा. आता पाटी कोरी राहू लागली. जेवताना ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत, स्टेशनावर गाडी सुटल्यावर मागे राहिलेला माणूस रुळांकडे बघतो तसे. बाईंना ते दिसे, टोचेही. पण दुपार झाली की पाय आपोआप अंगणाकडे वळत.

मग एका दुपारी आवाज घोगरा आला.

"घसा दुखतोय गं."

आजार सुरू झाला तेव्हा भोंगाराव हेच, अगदी असंच म्हणाले होते. बाई घाईने स्टुलावर चढल्या. मधला कोंब तपकिरी पडला होता. चिमटीत धरून हलकेच ओढला तर उपसून हातातच आला. खालचं टोक लिबलिबीत सडलं होतं, आणि त्या सडक्या वासाखाली आणखी एक उग्र वास होता. तो त्यांच्या नाकाला पाठ होता. कवळीची गुलाबी पूड ज्या द्रवात कालवतात, त्याचा. त्यांनी आत जाऊन कपाट उघडलं. बाटली रिकामी होती.

भोंगाराव दारातच होते.

"तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. हो. डोळे भरले होते. पाटीवर लिहिलं, माझं मला परत हवं होतं. तू.

एवढं वाचून बाईंनी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. घ्यावंसं वाटलंही. पण बाहेरून तो घोगरा आवाज पुन्हा आला, आता जेमतेम, धाप लागलेला, आणि बाईंना दवाखान्याचा तो लांब बोळ आठवला जिथे त्या नुसत्या बसून राहिल्या होत्या, काहीही करू न शकता. या वेळी त्यांच्या हातात अवजारं होती.

त्यांनी मेण कोरायच्या बारीक पात्या घेतल्या. भोंगारावांनी त्यांची बाही धरली. पाटीवर एकच शब्द होता.

नको.

"सोडा," बाई हळू म्हणाल्या. "मला तुमचा आवाज दुसऱ्यांदा जाऊ द्यायचा नाही."

त्यांनी बाही सोडली.

दिवसामागून दिवस बाई त्या गाभ्यावर वाकून होत्या. सडलेलं कोरायचं, बुरशीचं औषध ओतायचं, उन्हात सुकू द्यायचं. कोरलेला भुसा त्या फुंकरीने उडवत, कवळीवरचा कीस उडवतात तशा. तोंड अगदी आत नेऊन. आतून गार, ओली हवा ओठांना लागे. कधी वाटे, आपण फुंकतोय त्याहून जास्त आत जातंय.

संध्याकाळी घसा बसलेला असे. धुळीने, त्या म्हणत. मग म्हणायचंही जड होऊ लागलं. बहिणीचा फोन आला तर त्या खाकरत आणि लवकर ठेवत.

आवाज मात्र गप्प होता. पुरता गप्प.

आणि एका सकाळी गाभ्यातून नवं टोक वर आलेलं दिसलं. फिकट, जवळजवळ पांढरं, सरळ. बाईंना इतका आनंद झाला की त्या स्टुलावरूनच वळून ओरडल्या, अहो, बघायला या!

काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी पुन्हा ओठ हलवले. हात गळ्याशी नेला. गळा होता तिथेच होता. धडधाकट.

भोंगाराव आले. बाईंच्या हलत्या ओठांकडे त्यांनी पाहिलं, आणि काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. हात धरून त्यांनी बायकोला स्टुलावरून उतरवलं, आत नेलं, खिडकीपाशी शेजारी बसवलं. पाटी दोघांच्या मध्ये ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ते बायकोकडे सरळ, घरच्यासारखे बघत होते. बाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

ऊन कलतं झालं. वारा नव्हता. बाहेर संथ सर लागल्यासारखं वाजू लागलं, आणि मग भरदार, मऊ आवाज काहीतरी म्हणाला आणि कुणीतरी बाई हसली.

कवळीबाईंनी ते हसू ओळखलं.

दोघं बोलत होते. निवांत, घाई नसलेले, मधेच एकमेकांची वाक्यं पुरी करत. भाड्याच्या खोलीचं बोलले. नळाचं बोलले. आत खिडकीशी दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले आणि श्वास रोखून कान दिला.

बाहेरचं बोलणं थांबलं.

मग बाईंचा स्वतःचा आवाज, अगदी खालच्या पट्टीत, म्हणाला, "हळू बोला. आत ते दोघं ऐकतायत."