भिंगरीचं प्रमाणपत्र

बुटांच्या नाड्या बांधताय, बांधा. पण अंधारात पळायला निघण्याआधी पाच मिनिटं इथं टेका. मी शाळेत तीस वर्षं क्लार्क होतो. ही आमच्या खेळाच्या सरांची गोष्ट. त्यांनी ती स्वतःच्या तोंडानं मला सांगितली, आणि शेवटचं जे आहे ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्याच्या मागचा हिवाळा. डिसेंबरचा दुसरा गुरुवार, संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं. सरांना काम तसं साधं होतं. मोठ्या शर्यतीचं एक प्रमाणपत्र कित्येक महिने ऑफिसच्या कपाटात पडून होतं, ते टेलरकाकांच्या घरी पोचवायचं. मुख्याध्यापिका बाईंनी दुपारी बजावलं होतं, "सर, उद्या सकाळी ते मला कपाटात दिसता कामा नये."

स्कूटर गॅरेजात होती. काकांचं घर गोदामांच्या पलीकडे, तीन किलोमीटर. सरांनी प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जॅकेटच्या आत छातीशी ठेवलं आणि पळत निघाले. चालत गेले असते तर विचार करायला वेळ मिळाला असता. तोच त्यांना नको होता.

प्रमाणपत्र काकांच्या मुलीचं होतं. पोरगी पंधरा वर्षांची, पायाला कशी ती उसंत नाही, म्हणून सगळी शाळा तिला भिंगरी म्हणायची. शर्यत जिंकली आणि पंधरा दिवसांत गेली. याच रस्त्यावर. सरावाला मैदान मिळालं नाही म्हणून सरांनी तिला रस्त्यावर पळायला पाठवलं होतं. अंधार पडला होता. ती म्हणाली, "सर, ती गाडीच्या उजेडात चमकणारी जॅकेटं आहेत ना खेळाच्या कपाटात, एक देता का?" त्या कपाटाची किल्ली सरांच्या घरी राहिली होती. परत कोण जाणार? सर म्हणाले, "दोन किलोमीटरला कसलं जॅकेट? नीघ."

मागून येणाऱ्या व्हॅनवाल्याला ती दिसलीच नाही.

चौकशी झाली. सरांनी लिहून दिलं, 'जॅकेट दिलं होतं, जड होतं म्हणून तिनं वाटेत काढून टाकलं.' पोरगी हट्टी होतीच, सगळ्यांना पटलं. तो कागद मीच टाइप केला. काकांनाही पटलं. आई नसलेली लेक, डोक्यावर चढवून ठेवली त्याची ही फळं, असं ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगत. मेलेल्या पोरीवर बाप वर्षभर रागावून होता, आणि सर रोज त्या दुकानावरून जात होते.

तर त्या गुरुवारी सर पळत होते. काळी पँट, काळं जॅकेट, हातात एक टॉर्च. शहाणा माणूस समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं पळतो. सरांनी हे शेकडो पोरांना शिकवलं होतं. पण घाईत चुकीच्या बाजूनंच पळत होते, गाड्यांकडे पाठ करून.

पहिलं गोदाम मागे पडलं. तिथून पुढे रस्त्याला दिवे नाहीत. धुकं खाली उतरलेलं. टॉर्च एकदा मिणमिणला... आणि विझला.

सर थांबले नाहीत.

मग त्यांना मागे पावलं ऐकू आली.

कुणीतरी पळत होतं. हलकं पाऊल. सरांना वाटलं, असेल कुणी शौकीन, बरं झालं सोबत मिळाली. त्यांनी वेग कमी केला. मागचाही कमी झाला. वाढवला, वाढला.

"कोण आहे?"

सर कान देऊन ऐकू लागले. त्यांचा धंदाच तो. डोळे मिटूनही कुठलं पोर पळतंय ते ते सांगत. हे पाऊल... उजवं नीट पडत होतं. डावं किंचित घासत होतं. ही खोड मोडायला त्यांनी दोन वर्षं घालवली होती.

पाऊल जवळ आलं. आणखी जवळ. श्वास ऐकू येऊ लागला. मग तोही थांबला. नुसती पावलं.

मागे वळायचं धाडस झालं नाही.

आणि पाठीवर हात पडला. जोरात.

सर तोंडावर आपटत रस्त्याकडेच्या चरात गेले. त्याच क्षणी दिवे न लावलेला एक ट्रक, ते पळत होते त्या जागेवरून, धडधडत निघून गेला.

मग काही नाही.

रस्ता मोकळा. दोन्हीकडे कुणी नाही.

सर उठले. गुडघे फुटले होते. घरी परतता आलं असतं, पण ते काकांच्या दारात गेले. काकांनी दार उघडलं, प्रमाणपत्र घेतलं आणि म्हणाले, "याचं काय करू मी? पोरीनं तुमचं ऐकलं असतं तर..."

"काका, मी जॅकेट दिलंच नव्हतं."

काका बघत राहिले.

"तिनं मागितलं होतं. मी नाही म्हणालो. नंतर खोटं लिहून दिलं."

काका म्हणाले, "वर्ष झालं, तिचा फोटो मी ट्रंकेत तळाशी टाकलाय. तोंड बघायचं नाही म्हणून." आणि थोड्या वेळानं, "जा तुम्ही."

सर वळले. ते रस्त्याला लागले तशी मागून एक मोटार वळण घेत आली, तिचा उजेड सरांच्या पाठीवर पडला.

"थांबा," काका म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "ते जॅकेट काढा. इथं ठेवा."

सर नुसत्या शर्टावर थंडीत तीन किलोमीटर चालत आले. त्यांनी नोकरी सोडली. काका पुन्हा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि सरांनीही माफी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

ते जॅकेट काकांच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे. मी दिवसा जाऊन हातात घेऊन पाहिलं. साधं काळं कापड, डाग नाही, वर काही शिवलेलं नाही. काकांनी तीनदा धुतलंय. पण अंधार पडल्यावर रस्त्यावरून गाडी जाते, उजेड दुकानात शिरतो, आणि त्या पाठीवर लख्ख चमकतो... पाच बोटांचा, लहानसा पंजा.