खुर्चीखालच्या चकत्या

त्या सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले ती फक्त फेल्टच्या चकत्या आणायला. खुर्चीच्या पायांना खालून चिकटवल्या की खुर्ची सरकली तरी लाकडी जमिनीवर ओरखडा उठत नाही. नव्या घराची सगळी जमीन लाकडी होती आणि मला तिचं वेडच लागलं होतं म्हणा ना. दाराबाहेर एक पायपुसणं, आत दुसरं. पोछा घट्ट पिळूनच फिरवायचा. नवऱ्याच्या बुटातून एखादा खडा आत आला तरी मी घर डोक्यावर घ्यायचे. "उद्यापासून उडतच येतो," असं तो म्हणायचा.

तरी ओरखडे उठतच होते. बैठकीच्या खिडकीपासून निघून बाळाच्या खोलीकडे जाणारे, रोज थोडे पुढे गेलेले. खिडकीशी आधीच्या मालकांनी सोडून दिलेली एक उंच पाठीची खुर्ची होती. दुपारी मी स्वयंपाकघरात असले की ती ओढल्याचा आवाज यायचा. कर्रर्र... मग थांबायचा. बाहेर येऊन बघावं तर सासरे धापा टाकत तिला परत खिडकीकडे ढकलत असायचे. माझा संशय सरळ त्यांच्यावर.

"बाबा, ओढू नका ना ती. मला हाक मारत जा."

"मी फक्त मागे नेतो गं," ते हळूच म्हणाले. "पुढे मी नाही आणत."

वय झालं, विसरत असतील, असं मी धरून चालले. दुकानातून आल्यावर मी खुर्ची आडवी केली तर ती एका हाताने उचलली गेली, इतकी हलकी. एवढ्याशा खुर्चीने यांना धाप लागते, म्हणजे डॉक्टरांना दाखवायला हवं, असंही मनात आलं. बाबा शेजारी उभे राहून बघत होते.

"नको लावूस त्या. आवाज येतो ते बरंय. कळतं तरी."

"काय कळतं?"

"कुठवर आलंय ते..."

मला रागच आला. घरात तान्हं बाळ, आणि हे असलं काहीतरी बोलायचं. मी चारही चकत्या दाबून चिकटवल्या.

दुपारी जेवून बाबा त्यांच्या खोलीत आडवे झाले. बाळही झोपलं. मी स्वयंपाकघरात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. घर अगदी शांत होतं आणि मी स्वतःवर खूश होते. मग हळूहळू एक वास यायला लागला, खूप दिवस बंद राहिलेल्या कपाटासारखा. खिडकी उघडी राहिली असेल म्हणून मी बैठकीत आले. खिडकी बंद होती. खुर्ची तिथे नव्हती.

ती बाळाच्या खोलीत होती. पाळण्याला अगदी खेटून, तोंड पाळण्याकडे. जमिनीवर एकही नवा ओरखडा नव्हता. बाळ जागं होतं, पण रडत नव्हतं. दुलई मी त्याच्या पायांवर टाकली होती. आता ती हनुवटीपर्यंत ओढलेली होती आणि तिच्या कडा दोन्ही बाजूंनी नीट खोचलेल्या होत्या.

मी बाळाला छातीशी धरलं. "बाबा..." मी हाक मारली. ते आले आणि दारातच थांबून खुर्चीकडे बघत राहिले.

समोरच्या बांधकामावरून मी दोन मजूर बोलावले. म्हटलं, फुकट न्या, पण आत्ताच्या आत्ता न्या. दोघांनी मिळून खुर्ची उचलली तर दोघांच्याही मानेच्या शिरा फुगल्या. "ताई, काय भरलंय हिच्यात?" एकजण म्हणाला. थांबत, टेकवत त्यांनी ती कशीबशी दारापर्यंत नेली. बाळाला घेऊन मी आधीच अंगणात जाऊन उभी राहिले होते, बाबा माझ्याजवळ.

उंबऱ्यावर दोघेही एकदम पुढे कोलमडले. हातातलं ओझं अचानक कमी झालं की माणसाचा तोल जातो, तसे. मग त्यांच्यातल्या एकाने एकट्यानेच खुर्ची खांद्यावर टाकली आणि हसत हसत चालायला लागला.

"गेलं एकदाचं," मी म्हटलं.

बाबांचं लक्ष त्या मजुरांकडे नव्हतंच. ते उघड्या दारातून घरात बघत होते.

"बाबा?"

"उतरलं गं..." ते म्हणाले. "आतल्या बाजूला."

बाळ भुकेने कुरकुरायला लागलं. त्याचं दूध आत होतं. दारातून चकचकीत जमीन थेट त्याच्या खोलीपर्यंत दिसत होती. मी कितीतरी वेळ कान देऊन उभी राहिले, पण कसलाच आवाज आला नाही.