टिकटिक थांबते तिथे

जयपूरच्या चारदीवारीतल्या, जुन्या तटाआतल्या त्या इस्पितळाला अजून जुन्या डीसी लाइनचीच वीज होती, आणि छप्पन सालच्या ज्येष्ठात भरदुपारी ती गेली. जाणारच हो, जमिनीतली केबल म्हातारी झाली होती. पण नेमकी त्याच दिवशी जावी? बिजलीघराचे इंजिनियर विलास देवस्थळी यांची बायको मधुमती तिथेच, बायकांच्या वॉर्डात, आतड्याला पीळ पडून तळमळत होती. बाहेर धुळीच्या आंधीने आभाळ काळंठिक्कर केलेलं. "भुलीचं ईथर देताना कंदील पेटवू? सगळेच उडू," डॉक्टर म्हणाले. दिवे येईपर्यंत ऑपरेशन नाही.

खोट शोधायची रीत साधी. बिजलीघरात त्यांचा मदतनीस, साताऱ्याचा देवराम, चावी दाबून केबलमध्ये तुटक प्रवाह सोडणार. विलासरावांनी कानांना हेडफोनची डबडी बांधून, त्यांना जोडलेलं हातातलं तारेचं वेटोळं जमिनीवरून फिरवत चालायचं. टिक... टिक... ऐकू येतंय तोवर लाइन धड. थांबली की तिथेच खोट. तेवढा तुकडा कापून काढायचा, जोड द्यायचा, की लाइन पुन्हा जिवंत.

नाकातोंडात धूळ, जीव मुठीत. गल्लीत टिकटिक थांबली नाही. इस्पितळाच्या फाटकाशीही नाही. ती वळली, जिना चढली... तिथे केबल कुठली! तरी विलासराव तिच्यामागे गेले. दुसरं करणार तरी काय बिचारे?

वॉर्डात अंधार, फिनेलचा आणि घामाचा वास. मधुमतीच्या खाटेशी टिकटिक थांबली. खाटेपलीकडे वेटोळं नेलं, तर चिडीचूप.

"अहो... सापडलं का?" तिने विचारलं.

"सापडेल, मधू. आत्ता सापडेल..."

तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरेपर्यंत तो गार पडला होता. आणि वॉर्डातले सगळे दिवे लख्ख लागले.

"आ गई, आ गई!" बायकांना कोण आनंद! विलासराव बायकोच्या तोंडाकडे बघत उभे. असा उजेड वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

देवराम धापा टाकत जिना चढून आला. "साहेब, काय सांगू... तुम्ही निघालात अन् लगेच बिजलीघराचे पत्रे उडाले. चावीला मी हातसुद्धा लावला नाही. मेन स्विच अजून बंदच..." त्याने वर दिव्यांकडे पाहिलं.

डबडी अजून विलासरावांच्या कानांवरच होती. टिक... टिक... पुन्हा सुरू झालं होतं. आता खाटेच्या पलीकडून.

पलीकडे चौमू गावची बाळंतीण होती, कुशीत तान्हं. कानांवरचं ते यंत्र बघून तिला हे डॉक्टरच वाटले. ओढणी सावरत ती लाजत म्हणाली, "डागदर साब, म्हारी भी सुण ल्यो नी..."

"नहीं बाई, छोड़ो..." विलासराव मागे सरले. पण तिने वेटोळं ओढून छातीवर धरलंसुद्धा.

टिकटिक थांबली.

"सब ठीक है नी?" ती हसून विचारत होती, आणि तिच्या डोक्यावरचा दिवा मिणमिणायला लागला होता.