त्र्याहत्तर त्र्याण्णवच्या पुढे

साताऱ्याच्या पेट्रोल पंपावर श्रावणातली भुरभुर चालू होती. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मोटारसायकलचा नंबर बघता बघता नूरीनच्या तोंडून निघून गेलं, "किती सुंदर…"

तरुणानं मागं वळून पाहिलं. "गाडी इकायची न्हाई हं."

"गाडी नकोच आहे. नंबर आवडला."

७३९३. झिशान शिकलगार सांगलीकडचा. कुपवाडला त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. नूरीन क्लासमध्ये गणित शिकवायची. तिनं समजावलं, की ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भागली जात नाही. शेवटचा आकडा पुसला की ७३९, तीही मूळ. मग ७३, मग ७… त्याच्या ओल्या टाकीवर बोटानं लिहीत ती ७३९३९१३३ पर्यंत गेली. एवढी मोठी संख्या, पण उजवीकडून कितीही आकडे पुसा, उरते ती मूळच. आणि यापुढे मात्र कोणताही आकडा जोडला तरी ती फुटते.

"असं कसं? एखादा तरी बसंलच की."

"बसवून दाखवा."

मागून हॉर्न वाजायला लागले, तोवर फोन नंबर देऊन झाले होते.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत कुपवाडहून निरोप यायला लागले. शेवटी नऊ जोडलाय, सतरानं भाग जात न्हाई. पंधरानंही न्हाई. तीन आणि पाच झाल्यावर पंधरा कशाला, असं तिनं विचारलं, तर तेवढाच एक निरोप जास्त, असं उत्तर आलं. डोळ्यात लोखंडाचा कीस गेल्याचं कळल्यावर ती रागावली. त्यानं गॉगल घातलेला फोटो पाठवला. तो बंद करायला तिला बराच वेळ लागला.

अशात पुण्याचं स्थळ आलं. अब्बांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. तिनं झिशानला कळवलं. निरोप वाचल्याची खूण दिसली… उत्तर नाही. तो काहीच बोलला नाही, तर पुण्याला होकार द्यायचा, असं तिनं ठरवलं.

शुक्रवारी नमाजनंतर मोटारसायकल दारात थांबली. इस्त्रीचा शर्ट भिजलेला. त्यानं चकचकीत पितळी पट्टी पुढं केली. तिच्यावर कोरलं होतं — ७३९३९१३३९.

"नऊ बसला. शंभरापर्यंत समद्यांनी भागून बघितलं."

तिला हसू आवरेना. "शंभराच्या पुढं कुठंतरी तुटतेच ती. सिद्ध झालंय."

त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे… तिच्याम्होरं कुनालाच जागा न्हाई."

"तुम्ही नक्की कशाला आलात?"

"तुमच्या अब्बांशी बोलायला. पण आदी तुमाला इचारायचं हुतं…" त्याचे कान लाल झाले. "मी चालंन का?"

नूरीननं पट्टी हातात घेतली, ओढणीनं तिच्यावरचे थेंब पुसले.

"त्या संख्येला पुढं कुणी चालत नाही, झिशान. मी संख्या नाही."

मग तिनंच आत वळून हाक मारली, "अब्बा, पुण्याला नाही म्हणून कळवा… आणि जरा बाहेर या. सांगलीचे पाहुणे आलेत."