चिंचेनं उजळलेलं नाणं

मालवणच्या बाजारात दर दुकानाच्या उंबऱ्याशी एक काळी शिळा असे आणि तिच्यावर दिवसभर नाणी आपटत असत. नाणं वाजवून घ्यावं, हे आपल्या पणजोबांनीही सांगितलं होतं. पण ते बिचारे नाणं खरं की खोटं एवढंच बघत. आता खऱ्याखोट्याची कुणाला पडली नव्हती. नाण्यावर ज्याचं नाव, त्याचा विचार या घटकेला किती माणसं करताहेत, ते आवाजावरून कळे. टणटणीत वाजलं की भाव चढला, बद्द वाजलं की उतरला.

ही करामत गाजधातूची. त्या काळी दहा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या कानात कानमणी असे. बोलणं, बातम्या, सगळं त्यातूनच. माणसाचं मन कशात गुंतलंय हे मण्याला मेंदूच्या लहरींवरून समजे आणि तो तेवढ्यापुरती एक खूण हवेत सोडी. नाण्याच्या तोंडावर काळपट पापुद्रा असे, त्यात एकाच नावाची खूण भरलेली. तो पापुद्रा म्हणजे नाण्याचा कान. त्या नावाच्या खुणा जितक्या जास्त येतील, तितके धातूतले स्फटिक तबल्याच्या वादीसारखे ताणले जात आणि नाद चढे. एक लाख मनं म्हणजे एक गाज. त्याच्याखाली धातू हलतच नसे. आणि विचार मायेनं केला की शिव्या देत केला, हे धातूला कळत नसे.

हौशी लोकांनी आधी नटांची आणि क्रिकेटवाल्यांची नाणी जमवली. आज चाळीस गाज, उद्या चार. कित्येक जण त्यात धुऊन निघाले, तरी खोड जाईना. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. तिथवर ठीक होतं हो. मग सरकारच्या डोक्यात आलं की समुद्रात बेपत्ता झालेल्यांसाठी शोधनौका तीनच आहेत, तर कुणाला आधी शोधायचं ते या धातूलाच ठरवू द्यावं. धातू लाच खात नाही, वशिला मानत नाही. बेपत्ता माणसाच्या नावाची नाणी पाडायची, लोकांनी ती जमवायची, आणि नाद तीन गाजांवर असेतो नौका त्याला शोधणार. खाली आला की नौका पुढच्या नावाकडे. शहाण्यांचा कायदा, दुसरं काय म्हणणार.

द्वारका तारी या मालवणच्या गाबीत, म्हणजे मासेमार समाजातल्या, बाईचा एकुलता एक मुलगा नीलकंठ समुद्रतळाच्या खाणीत कामाला होता. एके दिवशी खाली मोठी दरड कोसळली आणि तो ज्यात राहून काम करी ती पोलादी कोठी तुटून साडेचार हजार मीटर खोल कुठेतरी वाहून गेली. कोठी पाण्यातून हवा करून घेई, त्यामुळे श्वासाची काळजी नव्हती. अन्न मात्र सत्तर दिवसांचं होतं.

पहिल्या आठवड्यात नीलकंठचं नाणं बावीस गाज वाजलं. पोरगा दिसायला गोड, त्यात विधवेचा. मग नव्याचे नऊ दिवस संपले. चाळिसाव्या दिवशी नाद साडेचारवर आला. तेव्हा एका बातमीवाल्यानं द्वारकाकाकीला सुचवलं की उद्या लक्ष्मीपूजन आहे, तुमची दिवाळी आम्ही घराघरांत थेट दाखवू, लोकांना पुन्हा आठवण होईल. काकी कबूल झाली. तिचं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. लक्ष्मीपूजनाला घरातली नाणी चिंच-मिठानं घासून उजळायची, ही तिच्या आईची, आजीची रीत. समई घासली, तांब्या घासला, जुने चांदीचे रुपये घासले. आणि मुलाचं नाणं, सरकारनं कुटुंबाला दिलेलं पहिलं नाणं, तेही घेतलं. त्याच्यावर काळं साचलेलं तिला बघवत नव्हतं. बातमीवाला तोंड उघडायच्या आत तिनं चिंचेचा गोळा फिरवलाही.

"लक्ष्मी काय काळ्या तोंडान पुजतत?" ती म्हणाली, आणि नाणं लख्ख निघालं.

नाण्यांच्या हौशी माणसाला ही गोष्ट रक्तात माहीत असते की नाणं कधी धुवायचं नाही. द्वारकाकाकीला कोण सांगणार? पापुद्रा गेला, नाणं ठार बहिरं झालं, आणि देश पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी संग्राहकांनी शोध लावला की गाजधातूचं धुतलेलं नाणं जगात हे एकच. चुकलेल्या नाण्याला नेहमीच जास्त मोल. एका टांकसाळीनं त्या चुकीचीच नाणी पाडली, वर चिंचेची शेंग कोरलेली. चिंचनाणं! चौथ्या दिवशी ते एकतीस गाज वाजत होतं. लोक काकीची नक्कल करत, तिची कीव करत, तिच्यावरून भांडत. खोटं कशाला सांगू, एक मीही घेतलं होतं.

सगळ्यांचं मन चिंचेत, त्यामुळे पाचव्या दिवशी नीलकंठ दोनवर आला. नौका परत फिरल्या आणि एका नटाची दावं तुटून वाहून गेलेली रिकामी होडी शोधायला गेल्या. काकी कचेरीत गेली, म्हणाली माझं धुतलेलं नाणं घ्या, म्हणाल त्याला विका, पण एक नौका द्या. तिथल्या साहेबांनी नम्रपणे सांगितलं की नौका पैशानं मिळत नाही, श्रीमंतांनी विकत घेऊ नयेत म्हणूनच तर हा कायदा केला.

सत्तेचाळिसाव्या दिवशी ती रत्नागिरीला डॉ. हेमांगी दामल्यांच्या प्रयोगशाळेत पोचली. गाजधातू घडवला तो यांनीच. बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि धातूचं सगळं गणित सोप्या शब्दांत समजावलं.

"माजा येकटीचा मोज गो बाय," काकी म्हणाली. "मी दिवसभर तेचीच आठवण काढतंय."

"काकी, धातूला एक माणूस ऐकू येत नाही. लाख लागतात."

"आवस म्हंजे येकच माणूस काय गो?"

डॉक्टरांना वाटलं, हिच्या कानमण्यात तर नोंद असेलच. एक आई दिवसाचे किती तास मुलात असते, हे आकड्यांत घेऊन कायदा करणाऱ्यांपुढे जावं. कदाचित आईच्या मनाचं वजन लाखाचं धरतील. त्यांनी काकीला विचारून मणी काढला, यंत्रावर ठेवला आणि गेल्या सहा दिवसांची नोंद उघडली. आकडे दिसताच त्यांनी पडदा बंद करायला हात पुढे केला, तेव्हा काकीनं तो मनगटाशी धरला आणि किती ते विचारलं.

डॉक्टरांनी खोटं बोलायला हवं होतं. पण आयुष्यभर त्यांनी मोजमापच केलं होतं.

"नीलकंठ, दिवसाला एक तास दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळा वेळ चिंचनाणं."

खरं तर ते दुसरं काय असणार होतं? सहा दिवस ती बाई येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत होती की मला ठाऊक नव्हतं. झोपेतही तिचे हात घासत होते. का घासलं, कशाला घासलं, कुणी अडवलं कसं नाही. पश्चात्ताप मुलासाठीच होता, पण खूण चिंचेची पडत होती.

"म्हंजे त्या एकतीस गाजांत मी पण होतंय," काकी म्हणाली.

मणी तिथेच टाकून ती घरी आली. पाटावर बसली, डोळे मिटले आणि नीलकंठचा चेहरा आठवू लागली. आधी कपाळ आलं, मग भुवया. मग हाताला चिंचेचा वास आला, आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. असं तिन्हीसांजेपर्यंत चाललं.

खाली कोठीत अजून तेवीस दिवसांचं अन्न होतं.