तिसरं करडू

“छबी, आता तुझाच हात घालावा लागेल!”

मावशी बोलून गेली खरी, पण बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं... गेल्या सव्वीस वर्षांत या मुलीला तिने कसली म्हणून आज्ञा केली नव्हती, आणि केली ती ही!

गोठ्यातल्या पेंढ्यावर ठिपकी शेळी आडवी पडून कण्हत होती. पाणमोट फुटून तास होऊन गेला होता. एक इवलासा खूर बाहेर डोकावत होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते चार कोस दूर एका अडलेल्या म्हशीपाशी. दरवर्षी मावशी हे सगळं एकटी, डोळे मिटून करायची. पण यंदा ऐन वेताच्या हंगामात, अकरा शेळ्या आज-उद्यावर आलेल्या असताना, ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरात गेला. म्हणून तर शहरातून छबीला पंधरा दिवसांची रजा काढून यावं लागलं. तेही वडिलांनी बोलावलं म्हणून; मावशीने बोलावलं असतं, तर ती आली असती का, याचं उत्तर मावशीला पक्कं ठाऊक होतं.

“माझा हात?” छबीचा चेहरा पांढरा पडला. “अहो, मी दात बनवते! कवळ्या! माझ्या हाताला जिवंत काही माहीत नाही.”

“तेच बरं आहे. तुझी बोटं बारीक आहेत, हलकी आहेत. नखं काप आणि कोपरापर्यंत साबण लाव.”

छबीने नखं कापली, हात धुतला, गुडघे टेकले. मावशी तिच्याशेजारी बसली आणि एरवी तिच्याशी बोलताना चाचरणारा तिचा आवाज एकदम शांत, खोल झाला.

“सावकाश... ती कळ देईल तेव्हा थांब. कळ गेली की पुढे. काय लागतंय?”

“नाक... नाक असावं.”

“छान. मानेवरून खाली ये. दुमडलेला गुडघा लागेल. खूर मुठीत झाक, नाहीतर आत ओरखडा जाईल, आणि मग पुढे ओढ.”

छबीच्या कपाळावर भर थंडीत घाम डवरला होता. ती ओठ चावून डोळे मिटून शोधत होती, आणि मावशी तिच्याकडे बघतच राहिली. अगदी ताईच! काही बारीक काम करताना ताईसुद्धा अशीच ओठ चावायची... छबी हे नाव तरी कशावरून पडलं होतं? आईची हुबेहूब छबी म्हणून.

“सापडला!” छबी ओरडली, आणि पुढच्या दोन कळांत ओलंचिंब करडू तिच्या मांडीवर घसरलं. त्याच्यामागून दुसरं आलं. थोड्या वेळाने, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तिसरं... मांजराच्या पिलाएवढं, काटकुळं, एक कान पडका.

मावशी सांगत गेली, छबी करत गेली. नाकातोंडातला चिकटा पुसला, गोणपाटाने अंग खसाखसा चोळलं, नाळेला औषध लावलं, पहिला चीक प्रत्येकाच्या पोटात गेला की नाही ते पाहिलं. सगळं आटोपल्यावर छबी भिंतीला टेकून बसली आणि हसली... या गोठ्यात ती लहानपणानंतर पहिल्यांदा हसत होती! मावशीला वाटलं, म्हणावं, ‘शाबास गं माझ्या बाई!’ पण तेवढ्यात छबीने चेहरा आवरला. “तुम्ही जाऊन पडा थोडं. मी बघते इथलं,” ती म्हणाली. त्या ‘तुम्ही’त आदर कमी आणि अंतर जास्त होतं.

मावशी म्हणजे छबीच्या आईची धाकटी बहीण. ताई आजारी पडली तेव्हा मावशी आपला शिवणाचा वर्ग बंद करून, मशीन शेजारणीच्या हवाली करून तिच्या शुश्रूषेला आली, ती कायमचीच. ताई गेली. छबी तेव्हा साडेसात वर्षांची. सहा महिन्यांनी, चार मोठ्या माणसांच्या सांगण्यावरून, मावशीने छबीच्या वडिलांशी लग्न केलं. लोक म्हणाले, चला, पोरीला आई मिळाली! आणि पुढच्या तीन महिन्यांत त्याच पोरीची रवानगी दूरच्या वसतिगृहात झाली. मग लोक काय म्हणणार? सावत्र ती सावत्रच! सख्ख्या बहिणीची लेक, पण डोळ्यांत खुपली हो... मावशीने सगळं ऐकून घेतलं. छबीने हुंदके देत विचारलं होतं, “मला कोण पाठवतंय?” तेव्हा तिच्या केसांना तेल लावता लावता मावशीने सांगितलं होतं, “मी. मीच ठरवलंय.”

त्यामागे काय होतं ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघंही गप्प होते.

तीन करडांपैकी पहिल्या दोघांना ठिपकीने चाटून चाटून कोरडं केलं, लुचू दिलं. तिसरं जवळ आलं की मात्र ती हुंगायची आणि मान खाली घालून ढुशी द्यायची. छबीने हट्टच धरला. दिवसातून सहा-सात वेळा ती ठिपकीला गव्हाणीशी बांधायची, तिचे मागचे पाय धरायची आणि त्या काटकुळ्याला सडाला लावायची. उरलेली भूक वडील बाटलीने भागवायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांच्याकडे बसून करायची कामं होती. बाटल्या आणि रबरी बुचं उकळण्याचं खातं त्यांचं. बाप-लेकीची बडबड दिवसभर चालायची. “बाबा, तुमच्या हॉटेलात गिऱ्हाईक उपाशी बसलंय!” छबी दारातून हाक मारायची, आणि ते म्हणायचे, “उधारी बंद आहे म्हणावं!” मावशी एका हाताने चारा पसरता पसरता ते ऐकायची. त्या बडबडीतला एखादा शब्दही तिच्या वाट्याला येत नसे, तरी तिला ती ऐकायला आवडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र नको ते घडलं. छबी पाणी आणायला वळली, काटकुळं धडपडत आईच्या पोटाशी गेलं, आणि ठिपकीने त्याला असं उडवलं की ते भिंतीवर जाऊन आदळलं. छबीने धावत जाऊन उचललं. ओठ फुटून रक्त येत होतं.

मावशीने त्याच्या बरगड्या चाचपल्या, पाय हलवून पाहिले. मोडलं काही नव्हतं.

“याला आत्ताच्या आत्ता इथून हलवायचं,” ती म्हणाली. “घरात, कोपऱ्यातल्या खोलीत खोका ठेवू. आईची नजर पडायला नको.”

“नाही! राहू दे इथेच. सवय होईल तिला.”

“नाही होणार, बाळा. पुन्हा मारेल, आणि जिवानिशी मारेल. लांब राहिलं तर जगेल.”

“लांब!” छबी ताडकन उभी राहिली. करडाला तिने छातीशी कवटाळलं होतं आणि तिचा आवाज कापत होता. “लांबच पाठवा! तुम्हाला दुसरं सुचतं काय? नको झालं की घराबाहेर काढायचं! मी तरी काय केलं होतं हो तुमचं? एवढीशी होते मी... आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं! एका ताटाचं ओझं झालं होतं का तुम्हाला?”

चांगल्या हाताने प्लास्टरच्या कडेचा सुटलेला दोरा मावशी उगाच गुंडाळत राहिली. सव्वीस वर्षं या क्षणाची तिने वाट पाहिली होती आणि त्याला भ्यालीही होती. वाटलं होतं, आभाळ कोसळेल... पण गोठा होता तसाच होता. शेळ्या शांतपणे रवंथ करत होत्या.

“छबी.” दारात वडील उभे होते. काठी न घेता, चौकटीला धरून. “तिला बोलू नकोस. तुला मी घालवलं.”

“अहो!” मावशी एकदम पुढे झाली. “चला, आत चला तुम्ही. कशाला उगाच—”

“उगाच नाही. बोलू दे मला.” ते तिथेच पाण्याच्या टाकीच्या कडेवर टेकले. नजर जमिनीवर. “तुझी आई गेली आणि तू तिचाच चेहरा घेऊन घरभर फिरायचीस. मला बघवायचं नाही, पोरी. तू जेवायला बसलीस की मी उठायचो. तू दिसलीस की भिंतीकडे तोंड करायचो. आणि एका संध्याकाळी तू मागून येऊन पाठीवर हात ठेवलास... मी झिडकारलं तुला. तू या टाकीवर आपटलीस. ओठ फुटला.”

“मी पाय घसरून पडले होते,” छबी हळूच म्हणाली.

“तुला तसं सांगितलं. हिने सांगितलं. त्याच रात्री मी हिला म्हणालो, पोरीला माझ्यासमोरून ने, नाहीतर मी कुठेतरी तोंड घेऊन जातो. ही म्हणाली, नेते. पण पोरीला हे कळता कामा नये. आई गेलीच आहे, आता बापही मनातून उतरला तर ती कुणाच्या आधारावर उभी राहील? नाव माझं सांगा. मी काय... मावशीच!”

छबीचे डोळे विस्फारले होते.

“दोन वर्षांनी मी माणसांत आलो. तुला आणायला निघालो, तर तू म्हणालीस, ती असेल त्या घरात मी येणार नाही. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. पण तू ‘माझे बाबा, माझे बाबा’ करत गळ्यात पडायचीस, आणि ते सुख... ते मला सोडवेना गं! हिच्या वाट्याचं प्रेम मी इतकी वर्षं चोरून खाल्लं.”

म्हातारा गदगदून रडू लागला. मावशीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला उलट उघड्यावर पडल्यासारखं झालं. ते मौन तिच्या एकटीचं होतं, तिने ते अंगाखाली धरून जपलं होतं, आणि आता ते सगळ्यांसमोर आलं होतं.

छबी करडाला तसंच घेऊन दोघांच्या मधून बाहेर निघून गेली. मावशीला वाटलं, गेली! आता बॅग भरेल, आणि या खेपेला बापापासूनही तुटेल. म्हणजे सगळं सोसलं ते कशासाठी?

पण घरातून आवाज आला तो बॅगेचा नव्हता. कोपऱ्यातल्या खोलीत खोका सरकवल्याचा होता. मावशी दबकत गेली. छबीने खोक्यात गोणपाट अंथरलं होतं, वर आपला जुना स्वेटर टाकला होता आणि काटकुळ्याला त्यात ठेवून त्याच्या ओठावरचं रक्त ती ओल्या कापसाने टिपत होती. तिने वर पाहिलं नाही.

“गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवतात ना शेजारी?” तिने विचारलं.

“हो... पण फार गरम नको.”

संध्याकाळपर्यंत छबी वडिलांशी एक अक्षर बोलली नाही. ते स्टोव्हपाशी बसून उकळलेलीच बुचं पुन्हा उकळत होते. दिवे लागले तशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“बाबा, माझा राग आज जाणार नाही. उद्याही जाईलसं वाटत नाही.”

“नको जाऊ दे.”

“पण माझ्याकडे बघा. खाली नाही... माझ्याकडे.”

त्यांनी मान वर केली. कितीतरी वेळ ते बघत राहिले, आणि मग भीत भीत त्यांनी तिच्या गालाला हात लावला. छबीने तो झिडकारला नाही. मावशी दारातूनच मागे फिरली. हा क्षण त्या दोघांचा होता.

त्यानंतरच्या चार दिवसांत सहा शेळ्या व्यायल्या आणि रडायला कुणालाही सवड राहिली नाही. छबीचा हात आता धीट झाला होता. तिने रजा आणखी आठवडाभर वाढवली, फोनवर आपल्या मालकांना ती सांगत होती, “इथे सात बाळंतिणी आहेत हो!” काटकुळ्याने चांगलंच बाळसं धरलं होतं आणि ते घरभर दाणदाण उड्या मारत वडिलांच्या चपलांचे पट्टे चघळत होतं.

एका सकाळी दोघी अंगणात बसून करडांना दूध पाजत होत्या. मावशीने डाव्या हातात बाटली धरली होती. छबीने दोन धरल्या होत्या, शिवाय एक करडू गुडघ्यात दाबलं होतं. उन्हं कोवळी होती. बराच वेळ नुसता चुटूचुटू लुचण्याचा आवाज येत राहिला.

“मावशी,” छबी एकदम म्हणाली, “मला वसतिगृहाच्या बसमध्ये बसवून दिलंस त्या दिवशी... बस सुटल्यावर तू काय केलंस?”

‘केलंस’... आज ‘तुम्ही’ गळून पडलं होतं.

“काय करणार? घरी आले.”

“खरं सांग.”

मावशीने करडाच्या तोंडातलं बूच नीट केलं. मग हळूच म्हणाली, “मागून दुसरी बस होती. तिच्यात बसले.”

“म्हणजे? तू तिथे आली होतीस?”

“फाटकापर्यंत. आत नाही आले. तू बिलगली असतीस, तर माझ्याच्याने परत पाठवणं झालं नसतं. समोर एक चांभाराचं दुकान होतं, तिथल्या बाकावर बसले. खेळाच्या मैदानात तू दिसलीस. एकटीच होतीस आधी... मग एका मुलीने तुला दोरीवरच्या उड्यांना बोलावलं. तेवढं बघितलं, आणि परत आले.”

छबीच्या हातातल्या दोन्ही बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. करडं नुसता वारा ओढत होती, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

“आणि परत कधी... पुन्हा कधी आली होतीस?”

मावशी आपली समोरच्या कुंपणाकडे बघत होती.

“मावशी, किती वेळा?”

“त्या चांभाराला विचार,” मावशी म्हणाली. “शेवटी शेवटी तो मला बघितलं की म्हणायचा, ‘बसा, आज तुमच्या मुलीचं मैदान चार वाजता आहे.’”