शीळ घालणारं घर

"अहो ताई, डोळे! डोळे उघडा आधी!"

कुणीतरी माझा दंड धरून मला मागे खेचलं, आणि एक टेम्पो माझ्या केसांना वारा घालत अगदी नाकासमोरून निघून गेला. डोळे उघडले तर समोर एक घाबराघुबरा माणूस. बोटांना निळी शाई, कपाळावरही निळी शाई.

"झोपेत चालता की काय?"

"सराव करत होते."

"कसला? मरायचा?"

"न दिसण्याचा," मी म्हणाले. त्याचा चेहरा असा काही पडला, की मलाच त्याला धीर द्यावासा वाटला...

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा सरकवायच्या आणि विचारायचं — हे स्पष्ट की ते? हे... की ते? लोक पटकन सांगून मोकळे होतात. माझ्या घरात मात्र या प्रश्नाने ठाण मांडलं होतं. आईची नजर कडांकडून मिटत चालली होती. सांजेला एकेक दुकान फळ्या ओढून घेतं ना, तशी. डॉक्टर म्हणाले, घर बदलायचं तर आत्ताच बदला. थोडं दिसतंय तोवर त्यांच्या पावलांना नवी वाट पाठ होऊ द्या. नंतर होणार नाही.

आमचं भाड्याचं घर म्हणजे अंधारा जिना आणि दारात भरधाव रस्ता. आई जन्मभर टेलिफोन ऑफिसात बोर्डावर बसलेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखणारी. "मला कुणाचं बोट धरून भाजीला जायचं नाही," ती एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणावं लागलं नाही.

म्हणून मी घरं बघायच्या आधी गल्ल्या बघत होते. डोळे मिटून.

दुसऱ्या दिवशी एजंटने त्याच वाकड्या गल्लीतल्या तळमजल्याच्या घराची बेल वाजवली. दार उघडलं, आणि निळी बोटं चौकटीवर तशीच थांबली.

"म्हणजे मला घराबाहेर काढणाऱ्या त्या तुम्हीच तर!"

तो भाडेकरू होता. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचा, खिडकीत बसून. मालकांनी घर विकायला काढलं होतं, आणि घेणारा आला की त्याने निघायचं होतं.

मी चोरासारखी आत गेले. "भिंतींना... ओल येते का?"

"या कोपऱ्यात येते. पावसाळ्यात कपाट जरा पुढे ओढून ठेवा."

"नळाला पाणी?"

"भरपूर. शेजारीण मात्र भांडखोर आहे. पण आजारपणात पहिली तीच येते."

"तुम्ही खरं का सांगताय? दोन थापा मारल्या असत्या तर मी आल्या पावली गेले असते."

तो हसला. "थाप मारली की माझे कान लाल होतात हो. लहानपणापासून. म्हणून नादच सोडला." घरी येऊन मी हे आईला सांगितलं, तर ती खूप हसली.

त्यानंतर आम्ही मायलेकी त्या गल्लीत येतच राहिलो. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला. कोपऱ्यावर बेकरी, तिथला गरम वास आला की वळायचं. मग शिंप्याच्या मशीनची खडखड, मग इस्त्रीवाल्याच्या वाफेची फुसफूस. खिडकीतला माणूस ब्रश खाली ठेवून सोबत यायचा. इथे पायरी तुटकी आहे, काकू. इथे स्कूटर लावतात, डावीकडून. आई ऐकायची, भिंतीवरून हात फिरवायची. कधी आईला सावरताना त्याचा हात माझ्या हाताला लागायचा, आणि आम्ही दोघंही फार लक्ष देऊन भिंतीकडे बघायचो...

दादाला हे काही पटत नव्हतं. त्याने शहराबाहेरची नवी वसाहत पसंत केली होती. रुंद रस्ते, बागा, फाटकावर पहारेकरी. "त्या बोळात मांजरसुद्धा वाट चुकेल! बेकरी आणि शिंप्यावर विसंबून कुणी घर घेतं का?"

आई दादाबरोबर वसाहतही बघून आली होती. सगळ्या इमारती सारख्या, सगळीकडे तीच हिरवळ, तीच शांतता. "छान आहे रे," ती म्हणाली होती. "पण कानाला धरायला काही नाही."

आणि तो दिवस उगवला. मालकांना संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं, कारण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. तिकडे दादा वसाहतीच्या ऑफिसात माझ्या फोनची वाट बघत बसला होता.

"आज मी एकटी चालणार," आई म्हणाली. "डोळे मिटून. बेकरीपासून दारापर्यंत. मधे कुणी तोंड उघडायचं नाही की हात द्यायचा नाही. जमलं तर ही गल्ली. नाही जमलं, तर दादा म्हणेल तिथे मुकाट्याने जाईन."

मला एकटीला ते बघवलं नसतं. मी खिडकीशी गेले. "बाहेर या ना... माझ्याजवळ उभे राहा."

तो आला. रस्त्याच्या पलीकडे, घरासमोर, आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो.

आई बेकरीशी वळली. भिंतीला बोटं टेकवत, सावकाश. शिंप्याची मशीन मागे पडली. तुटकी पायरी तिने अशी टाळली, की माझा श्वास सुटला. इस्त्रीची वाफ फुसफुसली. आता चारच हातांवर दार...

आणि आई थांबली.

तिच्यापुढे ओळीने सारख्या पायऱ्या, सारखी दारं. तिने मान इकडे केली, तिकडे केली. हात भिंतीवरून सुटला आणि हवेत तसाच राहिला.

"काय शोधतायत?" तो कुजबुजला.

"माहीत नाही..." मी त्याचं मनगट कधी धरलं होतं, तेही मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात आईने ओठांचा चंबू केला आणि हळूच, विचारल्यासारखी, शिळेची एक लकेर घेतली. तुटकी, वाऱ्यासारखी. मी ती लकेर ओळखली. तोही चमकला. चित्र रंगवताना तो खिडकीत हीच शीळ घालायचा. रोज. त्याला स्वतःला पत्ताही नसायचा. आणि आईने या घराची खूण म्हणून नेमकी तीच धरून ठेवली होती.

भान न राहून त्याने शिळेला शीळ दिली.

आईचा चेहरा उजळला... आणि ती आमच्याकडे वळली. रस्त्याकडे. एक पाऊल फुटपाथच्या खाली पडलं, आणि वळणावरून एक मोटरसायकल सुसाट आली.

माझ्या मुठीतलं मनगट निसटलं. तो दोन्ही हात पसरून मोटरसायकलच्या समोर उभा होता! ब्रेक किंचाळले. चाक त्याच्या गुडघ्याशी येऊन थांबलं. चालवणाऱ्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या, पण याने तोंड उघडलं नाही. आईची अट होती ना! शीळ घालत तो तसाच तिच्या बाजूने पुढे गेला, तिला हात न लावता. दारातून आत शिरला, आणि मग खिडकीतून ती लकेर पुन्हा आली. कापत होती, पण आली.

आई मागे वळली. पायरी, दुसरी पायरी, चौकट. "पोचले," ती म्हणाली, आणि तिथेच मटकन बसली.

मी धावत जाऊन तिला घट्ट धरलं.

"पण शीळ रस्त्यात कशी गेली गं?" तिने विचारलं.

"मीच... मीच बोलावलं त्यांना."

"म्हणजे घराची खूण तू उचलून नेलीस, आणि वर मला घर शोधायला लावलंस!"

मला हसू आलं आणि रडूही. आणि मग एकदम कळलं, तसं दोन्ही थांबलं. हे घर घेतलं, की खूण जाणारच होती. आम्हीच तिला घालवणार होतो.

तो खिडकीत उभा होता. "काकू, मी दाराला वाऱ्यावर वाजणारी घंटा बांधून देतो. तिची सवय होईल तुम्हाला."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी शहराच्या त्या टोकाला खोली बघितलीय. चांगली आहे. मला... काही फरक पडत नाही."

आई माझ्याकडे वळली. "कान कसे आहेत गं त्यांचे?"

"लाल आहेत आई. लालबुंद."

तेवढ्यात फोन वाजला. दादा. "लवकर बोल, इथे लोक खोळंबलेत. काय ठरलं? हे की ते?"

माझाच प्रश्न, जन्मात पहिल्यांदा मला कुणी विचारत होतं. मी खिडकीकडे बघितलं. निळी बोटं गजांवर घट्ट आवळली होती.

"हे," मी म्हणाले. "हेच."

"घर ना?"

"घरसुद्धा," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

गल्लीत मशीनची खडखड चालू होती, पण मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"बेकरीच्या माडीवर... एक खोली रिकामी आहे म्हणे," तो चाचरत म्हणाला. "तूर्तास."

"राहा खुशाल," आई म्हणाली. "पण तिथून शीळ घालशील तर खबरदार! मी रोज बेकरीतच शिरेन. शीळ याच खिडकीतून हवी. कामाला इथेच येऊन बस." ती त्याला 'तू' म्हणाली, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. ती मात्र भिंतीवर हात ठेवत, जणू काही झालंच नाही अशी, आत स्वयंपाकघराचा अंदाज घ्यायला निघून गेली.

खिडकीच्या आत तो, बाहेर मी. मधे नुसते गज.

"एक बोलू?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशी, त्या टेम्पोच्या गडबडीत... मी तुम्हाला 'ताई' म्हणालो होतो."

"म्हणालात खरे."

"ते... मागे घ्यायचंय."

"घ्या."

"पण आता काय म्हणायचं, ते सुचत नाहीये."

मी डोळे मिटले. या वेळी सराव म्हणून नाही.

"सुचेपर्यंत शीळ घाला," मी म्हणाले.